सदतिसावा प्रश्न

"बावन्न," मी म्हणाले.

"बावन्न," मुल्लाचाचा म्हणाले आणि त्यांनी तक्त्यात आकडा लिहिला. पुढचा कागद त्यांनी माझ्याकडे सरकवला. मी तो घेतला नाही.

"काय झालं?"

"चाचा, हा पेपर बघा ना एकदा."

"बघायचं काय त्यात? तू मोजलास, बावन्न. मी मोजला, बावन्न. चल, अजून दोन गठ्ठे पडलेत."

ही चौऱ्याण्णव सालच्या एप्रिलमधली गोष्ट. सांगलीत भरती परीक्षांचे पेपर तपासणारं एक छोटं कार्यालय होतं, तिथं मी सहा वर्षं रोजंदारीवर होते. तपासणं म्हणजे मोजणं. शंभर प्रश्न, प्रत्येकापुढे अ, ब, क, ड अशी चार वर्तुळं. परीक्षार्थीनं त्यातलं एक शाईनं काळं करायचं. आमच्याकडे उत्तरपत्रिकेच्याच मापाचा एक जाड पुठ्ठा असायचा, बरोबर उत्तराच्या जागी भोकं पाडलेला. त्याला आम्ही जाळी म्हणायचो. जाळी कागदावर ठेवायची, भोकांतून जितकी काळी वर्तुळं दिसतील तितके गुण. एकदा मी मोजायचे, एकदा मुल्लाचाचा. आकडा जुळला की पुढचा कागद. नाव नाही, गाव नाही, नुसता बैठक क्रमांक. ह्या कागदावरचा क्रमांक होता एकवीसशे सतरा.

मला थांबवलं ते असं : पहिल्या छत्तीस भोकांत छत्तीस काळी वर्तुळं होती. एकसुद्धा चुकलेलं नव्हतं. असा पेपर दोन-तीन हजारांत एखादा यायचा. आणि सदतिसाव्यापासून सगळा विस्कोट. चौसष्टांत फक्त सोळा बरोबर. डोळे मिटून वर्तुळं भरली तरी एवढी येतात. छत्तीस प्रश्न घडाघडा सोडवणाऱ्या माणसाला एकदम काय झालं? चक्कर आली? कंटाळा आला?

मग माझं लक्ष शेवटच्या ओळीकडे गेलं. शंभरावी ओळ कोरी होती.

मी जाळी एक ओळ वर सरकवली. सदतिसाव्या ओळीपासून खाली भोकंच्या भोकं काळी दिसू लागली. मी पुन्हा मोजलं. साठ.

"चाचा, ह्यानं सदतिसावा प्रश्न सोडला आणि अडतिसाव्याचं उत्तर सदतिसाव्या ओळीत लिहिलं. पुढं सगळंच एकेक ओळ वर गेलंय. नाहीतर शहाण्णव आहेत ह्याला. शहाण्णव! आतापर्यंत वरचा आकडा किती आहे आपल्याकडे?"

"त्र्याण्णव," चाचा म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला, जाळी हातात घेतली, वर सरकवून पाहिली आणि परत होती तिथं ठेवली. "शैला, आपण मोजणारी माणसं. वाचणारी नव्हे. बावन्न."

मी तक्त्यावर सही केली. पण दुपारी कोरे साहेबांच्या खोलीत गेलेच. कोरे साहेब आमचे प्रमुख. आवाज न चढवणारे, कामाला चोख.

"साहेब, समजा एखाद्याची एक ओळ चुकली आणि पुढची सगळी उत्तरं एकेक ओळ वर गेली, तर?"

"तर ती सगळी चुकली."

"पण त्याला येत होती."

"तुम्ही जाळी सरकवून पाहिलीत तर," ते म्हणाले. "मगदूम, आज एकाची जाळी ओळभर वर सरकवली. उद्या कुणाची दोन ओळी खाली सरकवली की गुण वाढतील. परवा कुणी म्हणेल, माझी उलटी धरून बघा. आपण थांबायचं कुठं?"

मी दाराकडे वळले.

"हां, प्रश्नपुस्तिकेतच छपाईची चूक असली, एखादा नंबर गळाला असला, तर गोष्ट वेगळी," ते पुढं म्हणाले. "मग दोष आपला होतो. पण तसं लेखी कुणी कळवलेलं नाही. आणि बुधवारी निकाल आहे."

ऑफिसातल्या पुस्तिकेत नंबर गळालेला नव्हता. पण पुस्तिका दोन वेगवेगळ्या ठिकाणी छापून आल्या होत्या आणि दुसरीकडची एकही प्रत आमच्याकडे उरली नव्हती. मी आमच्या प्रतीतला सदतिसावा प्रश्न वाचला. तो असा होता :

'कमलच्या नवऱ्याची आई ही कमलच्या वडिलांची सख्खी बहीण आहे. तर ती कमलची कोण? (अ) मावशी (ब) आत्या (क) मामी (ड) सासू.'

परीक्षा मंडळाचं उत्तर होतं ब. मी पाच वेळा वाचला. वडिलांची बहीण म्हणजे आत्या. पोरखेळ. छत्तीस प्रश्न अचूक सोडवणारं माणूस इथं का अडावं? पुस्तिकेतच काहीतरी गडबड असणार, अशी माझी जवळजवळ खात्री झाली.

निकालाआधी परीक्षार्थीला भेटायला आम्हांला सक्त मनाई होती. जूनमध्ये मला कायम करायचं साहेबांनी कबूल केलं होतं. घरात आई आणि मी, दोघीच. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी रविवारी सकाळी मी तासगावच्या एसटीत बसले. एकवीसशेचे क्रमांक तासगाव केंद्रावरचे, एवढं मला माहीत होतं.

केंद्र असलेल्या शाळेच्या भिंतीवर बैठकीची यादी अजून तशीच चिकटलेली होती, एका कोपऱ्यात फाटलेली. एकवीसशे सतरा : मालन शंकर सुतार. बाई! का कोण जाणे, मी आतापर्यंत पुरुषच धरून चालले होते.

शाळेचा शिपाई झाडांना पाणी घालत होता. त्याला नाव विचारलं.

"मालन? आमच्याच शाळेची की ती. पहिला नंबर सोडला न्हाई कधी. पर दहावी झाली न् लगीन झालं. बारावी नि बी. ए. नंतर घरात बसूनच केली म्हणं. आता बेदाण्याच्या शेडवर असती, वासुंब्याच्या रस्त्याला. ह्या दिवसांत रविवारबी नसतोय त्यांना."

पत्र्याच्या त्या शेडमध्ये चौदा-पंधरा बायका दोन ओळींत बसल्या होत्या. प्रत्येकीपुढे बेदाण्याची रास. काड्या वेगळ्या, काळे दाणे वेगळे, हिरवे लांबट दाणे वेगळे. गोड आंबूस वास भरून राहिला होता.

"मालन सुतार कोण?"

"मी. का ओ?" अगदी टोकाला बसलेली बाई म्हणाली. तिशी ओलांडलेली, कानांत काही नाही, हात दोन्ही चालू. डाव्या हातानंही ती उजव्याइतक्याच वेगानं निवडत होती.

"जरा बाहेर येता का? बोलायचं होतं."

"हितंच बोला की. हात थांबला तर रास मागं पडती."

"मी सांगलीहून आलेय. परीक्षेच्या ऑफिसातून."

बाकी सगळ्यांचे हात थांबले. तिचे थांबले नाहीत.

"निकाल लागला?"

"नाही. मी आले हे कुणाला कळता कामा नये. मला फक्त तुमची प्रश्नपुस्तिका बघायचीय. आहे का?"

तिनं पदराला हात पुसले, मागच्या पिशवीतून वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली पुस्तिका काढली आणि माझ्या हातात दिली. दीड महिना झाला होता परीक्षेला आणि ती पुस्तिका ही बाई कामावर घेऊन येत होती. मी घाईघाईनं पान उलटलं. छत्तीस. सदतीस. अडतीस. नंबर जागच्या जागी. एक अक्षर इकडचं तिकडं नव्हतं. सदतिसाव्याच्या कडेला पेन्सिलीनं बारीक फुली केलेली होती.

माझा चेहरा पडला असावा.

"छपाई बरोबर हाय," ती म्हणाली. "चुकले ती मीच. तुमी सदतीसच बघायला आलासा न्हवं?"

"तुम्हांला माहीत आहे?"

"शंभरावी ओळ रिकामी राहिली तवाच कळलं. घंटेला चार मिनिटं होती. खाडाखोड केली की ती ओळ बाद. त्रेसष्ट ओळी मी कुठं नि कशा बदलणार?"

"मग काय केलंत चार मिनिटं?"

"सदतिसाव्याचं उत्तर ठरवत बसले," ती म्हणाली.

मला वाटलं ती थट्टा करतेय. ती करत नव्हती.

"अहो, पण तो तर सगळ्यांत सोपा प्रश्न. वडिलांची बहीण म्हणजे आत्या."

तिनं माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग शेजारी बसलेल्या म्हातारीकडे वळून म्हणाली, "आत्या, जरा हिकडं बघा."

"काय गं?" म्हातारी म्हणाली.

"ह्या माझ्या आत्या."

"सासूबाई ना तुमच्या?" मी म्हणाले. आमच्या भागात कुठलीही सून सासूला आत्याच म्हणते, त्यात मला काही विशेष वाटलं नाही.

"सासू हायतच. पर आत्याबी हायत. माज्या वडलांच्या सख्ख्या थोरल्या भैन. माजं लगीन आतेभावाशी झालंय." तिनं पुस्तिकेवर बोट ठेवलं. "आता वाचा परत."

मी वाचलं. कमलच्या नवऱ्याची आई. कमलच्या वडिलांची बहीण. तर ती कमलची कोण? ब, आत्या. ड, सासू. महिनाभर ह्या प्रश्नाची ओळ माझ्या हाताखालून जात होती. परवा पाच वेळा वाचला होता. मी वाक्याचा शेवट तेवढा वाचत होते, सुरुवात नाही.

"दोन्ही बरोबर आहेत," मी म्हणाले.

"हायत न्हवं?" तिचा चेहरा उजळला. दीड महिना तिला हे कुणाला तरी विचारायचं होतं. "मला वाटलं माजंच काय चुकतंय. घरात असं हाय म्हणून मला तसं दिसतंय का काय. म्हटलं, एकच उत्तर मागितलंय त्यांनी, काय तरी खोच असणार, नंतर येऊन बघू. फुली केली न् पुढं गेले. प्रश्न सोडला, ओळ सोडायची राहिली."

म्हातारीला सगळं कळत होतं असं नाही, पण ती कान देऊन ऐकत होती.

"पुढच्या वेळी..." मी म्हणायला लागले.

"पुढची वेळ न्हाई. वयाची अट ह्या जूनला संपती." तिनं एक काडी उचलून बाजूला टाकली. मग म्हणाली, "एक विचारू का? ओळी नीट असत्या तर किती आले असते?"

हे सांगणं म्हणजे नियमाची शेवटची कडीही काढून टाकणं होतं. तेवढ्यासाठी इतक्या लांब आले नव्हते मी. पण तिचे हात पहिल्यांदाच थांबलेले होते.

"शहाण्णव."

शेडमध्ये कुणीतरी "आई गं" म्हणालं. मला वाटलं ही आता रडेल. मी पर्समध्ये रुमालसुद्धा चाचपला.

"शहाण्णव," ती म्हणाली. "म्हंजे सदतीस सोडून तीन चुकले. कुठले तीन?"

"आता मला कसं आठवणार?"

"आठवा की."

एक आठवत होता. एक्काहत्तरावा. तिनं तो काढला, वाचला, डोक्याला हात लावला आणि एकटीच हसली. "बरोबर. 'नाही' वाचायचं राहिलं बघा."

तिथून मी उठायला हवं होतं. एसटीची वेळ झाली होती. पण ती पुस्तिका मिटून विचार करत बसली होती.

"तुमचं उत्तर ब हाय म्हणता. मग ज्यांनी ड लिवलं त्यांचं काय?"

"काय म्हणजे?"

"त्यांचा एक गुण गेला की. बरोबर लिहूनबी. एका गुणानं किती जण राहतात, तुमाला ठावं असंल."

मला ठाऊक होतं. शेवटच्या गुणावर शंभर-सव्वाशे माणसं दाटीवाटीनं उभी असायची. पण मी गेले चार दिवस एका कागदाचा विचार करत होते, आणि तिनं एका क्षणात चार हजार कागदांचा केला होता. तिला स्वतःला त्यातून काही मिळणार नव्हतं. प्रश्न रद्द होऊन गुण दिला तरी बावन्नाचे त्रेपन्न.

"लेखी आक्षेप लागतो," मी म्हणाले. "निकालाच्या आत. आज रविवार. टपालानं बुधवारनंतरच पोचेल."

"तुमी न्याल का?"

मी घड्याळात पाहिलं. तिनं शेडच्या मुनीमाकडून एक कोरा कागद मागून आणला आणि पोत्यावर बसून लिहिलं. सहा ओळी. बोलताना ती जशी बोलायची तसं त्यात काहीच नव्हतं. 'प्रश्न क्रमांक ३७ मधील दिलेल्या माहितीनुसार पर्याय ब व पर्याय ड हे दोन्ही सत्य ठरतात.' खाली नाव, बैठक क्रमांक, पत्ता. अक्षर छापल्यासारखं.

परतीच्या वाटेवर मी तो कागद चार वेळा उघडून वाचला आणि दोन वेळा तो न देण्याचं ठरवलं.

सोमवारी सकाळी मुल्लाचाचांना सांगितलं.

"दे इकडं," ते म्हणाले. "आवकचं रजिस्टर माझ्याकडंच असतं. शिक्का मारतो, शनिवारच्या टपालात दाखवतो. कुणी विचारत नाही."

"आणि विचारलं तर?"

"मला दोन वर्षं राहिलीत निवृत्तीला. मला काय करणार?"

दोन वर्षं राहिलेल्या माणसाला काय करता येतं ते मला चांगलं माहीत होतं. कागद त्यांच्या हातात न देता मी सरळ साहेबांच्या खोलीत गेले.

कोरे साहेबांनी अर्ज वाचला. मग कपाटातून पुस्तिका काढून प्रश्न वाचला. मग पुन्हा अर्ज. त्यांच्या कपाळावर आठी आली आणि हळूहळू गेली.

"बरोबर आहे हिचं," ते म्हणाले. "तज्ज्ञांनी पाहिलं, मी पाहिलं, कुणाच्या लक्षात आलं नाही." कागद त्यांनी उलटा केला. "ह्यावर टपालाचा शिक्का नाही."

"नाही."

"कसा आला?"

"मी आणला. काल तासगावला गेले होते."

"एकवीसशे सतरा," ते म्हणाले. "हीच ना ती ओळवाली?"

मी मान हलवली.

"मगदूम, तुम्ही टपालानं आला असं म्हणाला असता तर मी पुढं विचारलं नसतं."

"माहीत आहे, साहेब."

त्यांनी दोन कागद पुढं ओढले. एकावर लिहिलं, प्रश्न सदतीस सदोष, ब आणि ड दोन्ही पर्यायांना, तसेच तो सोडलेल्यांनाही, एक गुण द्यावा. दुसऱ्यावर लिहिलं, श्रीमती शैला मगदूम यांना आजपासून कामावरून कमी करण्यात येत आहे. दोन्हींवर सह्या केल्या. मग उभं राहून मला म्हणाले, "वाईट वाटतं. पण दुसरा कागद लिहिला नाही, तर पहिल्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही."

मी घरी गेले. आईला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "जेवलीस का?"

निकाल एक दिवस उशिरा लागला. सगळे पेपर पुन्हा मोजावे लागले. शनिवारी संध्याकाळी मुल्लाचाचा घरी आले, चहा घेतला, आणि जाताना दारात म्हणाले, "अकरा नावं नवी आली यादीत."

"खरंच?"

"अकरा गेली." ते चप्पल घालत होते. "जागा तेवढ्याच ना."

ही दुसरी बाजू मला सुचलीच नव्हती. त्या बावीस जणांची नावं मी कधी शोधली नाहीत. शोधावीशी मात्र अनेकदा वाटली. आणि गेलेल्या अकरांनी काय चूक केली होती? त्यांनीही बरोबरच उत्तर लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तासगावला गेले. मालनला निकाल सांगायला, असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे सोमवारपासून काय करायचं ते मला कळत नव्हतं, आणि जिथं जावंसं वाटलं ती जागा ही होती.

"गेली व्हय नोकरी?" मालननं विचारलं. कसं कळलं, विचारायची गरज नव्हती; माझा चेहराच सांगत असावा. तिनं सरकून शेजारी जागा केली.

"आणि परश्न?" म्हातारीनं विचारलं. आठवडाभर शेडमध्ये तोच विषय चालला असणार. "काय ठरवलं त्येनी? मी हिची आत्या का सासू?"

"तो प्रश्नच सदोष ठरवला, आत्या. आता त्याला काही अर्थ नाही."

"म्हंजे मी हिची कुणीच न्हवं व्हय?"

सगळी शेड हसली. मालन इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी लवकर थांबलं नाही. म्हातारीनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं निवडत राहिली. बाकीच्या बायका आपापल्या राशीकडे बघू लागल्या. मीही समोरचे दाणे निवडायला घेतले.

बऱ्याच वेळानं मालननं नाक पुसलं आणि विचारलं, "सहा वर्षांत किती पेपर बघितलासा तुमी?"

"लाखभर तरी असतील."

"मग माणसं चुकतात कुठं?"

हा प्रश्न मला कधी कुणी विचारला नव्हता. ऑफिसात फक्त बरोबर किती ते विचारायचे. मी म्हणाले, मला काय माहीत, मी नुसती मोजायचे. पण म्हणता म्हणता लक्षात आलं की मला माहीत होतं. मी सांगायला लागले. शेवटच्या दहा मिनिटांत माणसं अवघड प्रश्न चुकत नाहीत, सोपे चुकतात. लागोपाठ तीन उत्तरं क आली की चौथं क लिहायला घाबरतात, येत असलं तरी. अ बरोबर वाटला की ड पर्यंत वाचतच नाहीत. पानाच्या तळाचा प्रश्न आणि पुढच्या पानावरचा पहिला प्रश्न, ह्या दोघांत सगळ्यांत जास्त चुका. 'नाही' हा शब्द डोळ्यांतून निसटतो. ज्यांना खूप येतं ती माणसं एका जागी अडून बसतात, आणि ज्यांना थोडं येतं ती न अडता पुढं जातात. मी बोलत होते आणि मला स्वतःलाच नवल वाटत होतं, हे सगळं माझ्यात कधी साठलं?

"हे कुठल्या पुस्तकात हाय?" मालन म्हणाली.

"कुठल्याच नाही."

आज आमच्या दोघींच्या क्लासला येणारे पालक मला हमखास विचारतात, "मॅडम, आधी कुठल्या शाळेत होता?" मी कुठल्याच शाळेत नव्हते. आमच्या क्लासमध्ये विषय शिकवायची ती मालन. गणित, व्याकरण, इतिहास, सगळं. मी शिकवते तो कागद. पहिला महिना मी मुलांना एकही उत्तर विचारत नाही. प्रत्येक चुकीच्या पर्यायावर बोट ठेवून विचारते, हा कुणासाठी ठेवलाय? कसल्या घाईतला माणूस ह्यात अडकेल? पालक वैतागतात. पंच्याण्णव सालीच त्या शेडमधल्या चौघी एका परीक्षेला बसल्या आणि दोघी लागल्या. मालन पुन्हा कुठल्याच परीक्षेला बसू शकली नाही. चौदा वर्षं तिनं शिकवलं, मग गुडघ्यांनी दगा दिला. अजूनही नवी पुस्तिका हाती आली की ती मागून घेते आणि दोन उत्तरांचा प्रश्न शोधते. सापडला की मला फोन करते.

पण त्या रविवारी हे काहीच नव्हतं. सूर्य पत्र्यावर आला होता, शेड तापली होती, आणि समोरच्या ओळीतल्या दोघी-तिघी आपापली परात उचलून आमच्या जवळ येऊन बसल्या होत्या. त्यांतली एक, राधा नावाची, चोवीस-पंचवीसची असेल, हळूच म्हणाली, "आमाला बसता येतंय का ओ परीक्षेला? बारावी झालीय माजी."

मी मालनकडे पाहिलं. मालन माझ्याकडेच बघत होती.

"फुडच्या रविवारी येताना उत्तरपत्रिका घेऊन या," ती म्हणाली. "कोऱ्या. तसल्याच, वर्तुळांच्या."

"ऑफिसातल्या आता कुठल्या मिळणार? छापून घेते. किती आणू?"

"पन्नास तरी आणा."

"पन्नास कशाला? बसणार चौघी-पाचजणी."

"आधी चुकायला लागतील की," मालन म्हणाली, आणि दोन्ही हातांनी रास पुढं ओढली.